हळदीचा दावा आणि आजीबाईची साक्ष



मी वकील नव्हे. माझे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि करारनाम्यांच्या कागदांवर झाले. एका करारातला ‘साधारणतः’ हा शब्द मी वाचूनही सोडून दिला आणि त्यापायी चाळीस माणसांचा बोनस बुडाला. तेव्हापासून मी शब्दाला भितो, आणि म्हणूनच पेटंटचा विषय मला परका वाटला नाही.

पेटंटच्या कागदात अखेरीस ‘दावे’ असतात. दावा म्हणजे वावराचा धुरा. धुराच स्पष्ट नसेल तर कोण कोणाच्या वावरात शिरला हे ठरायचे कसे? म्हणून आपल्या 1970 च्या कायद्याचे दहावे कलम दावा स्पष्ट व नेमका मागते. धुरा ठरला की मग दुसरा प्रश्न : हे आधीच ठाऊक होते काय? दाव्यातली सगळी अंगे एखाद्या एकाच जुन्या लेखात सापडली, तर तो दावा नवा राहत नाही.

मार्च 1995 मध्ये अमेरिकेत हळदीच्या पुडीने जखम बरी करण्याचे पेटंट निघाले. आपल्या घरची कोणतीही म्हातारी हसली असती! पण तिचे हसणे तिथे पुरावा नव्हते. परदेशातला नुसता वापर त्या वेळचा अमेरिकन कायदा मोजत नसे. त्याला छापील लेख हवा होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने 1996 साली फेरतपासणी मागितली आणि बत्तीस संदर्भ पुढे ठेवले. त्यांत 1953 सालचा एका भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला लेखही होता. पेटंटवाले म्हणाले, लेप वेगळा, पूड वेगळी. परीक्षकाला ते पटले नाही, आणि 1997 साली सहाही दावे नाकारले गेले.

युरोपातला कायदा निराळा. तिथे जगात कुठेही उघडपणे झालेला वापर चालतो. मात्र काय, केव्हा, कुठे, कोणी केले हे सिद्ध करावे लागते. कडुनिंबाच्या पेटंटविरुद्ध पुण्याच्या एका कारखानदाराने म्युनिकला जाऊन तशी साक्ष दिली. 2000 साली पेटंट रद्द झाले. पेटंटवाले अपिलात गेले. तेही मार्च 2005 मध्ये फेटाळले गेले.

आपल्या कायद्यात 2002 च्या दुरुस्तीने स्थानिक समाजाचे तोंडी ज्ञानही आक्षेपाचे कारण ठरले. 2021 मध्ये अपील मंडळ मोडले, तेव्हापासून ही अपिले उच्च न्यायालयात जातात. आजीबाईला आता बोलता येते, पण ‘केव्हापासून?’ हे तिलाही विचारले जाईलच. म्हणून इथल्या लाकूड बाजारातल्या मिस्त्र्यांना मी सांगून ठेवले आहे, की नवी युक्ती काढलीत की वहीत लिहा आणि खाली तारीख घाला.