क्वांटममध्ये करिअर: घरी काय सांगायचं?

नायगावहून, पंखा बंद करून रेकॉर्ड करतेय. मागे लोकलचा हॉर्न आला तर सांभाळून घ्या.

आपल्या नायगावातल्याच एका श्रोतीचा मेसेज आलाय. बीएस्सी फिजिक्स, शेवटचं वर्ष. "ताई, मला क्वांटम इन्फर्मेशनमध्ये संशोधन करायचंय. पप्पा म्हणतात आधी नोकरी बघ. त्यांना काय सांगू?"

आधी विषय काय ते थोडक्यात. साधा बिट ० किंवा १ असतो. क्यूबिट दोन्हींच्या मिश्र अवस्थेत राहू शकतो, पण जरा धक्का लागला की ती अवस्था बिघडते. अशा नाजूक अवस्थेत माहिती कशी साठवायची, पाठवायची, वाचवायची, हे या शास्त्राचं काम.

आता एक खरं करिअर बघू. कुलाब्याच्या टीआयएफआरमधले आर. विजयराघवन. २००८ मध्ये येल विद्यापीठातून पीएचडी. त्यांचे मार्गदर्शक मिशेल देव्होरे, ज्यांना २०२५ चं नोबेल मिळालं. मग बर्कलीत पोस्टडॉक. २०१२ मध्ये ते मुंबईत आले. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये टीआयएफआर, डीआरडीओची पुण्यातली लॅब आणि टीसीएस यांनी मिळून ६ क्यूबिटच्या प्रोसेसरची चाचणी पूर्ण केली. मुंबईत आल्यापासून हिशोब केलात तर जवळपास बारा वर्षं!

त्यांचं काम प्रयोगाचं. थिअरीला मोठी लॅब लागत नाही, पण वेळ तेवढाच लागतो. एमएस्सीची २ वर्षं, पीएचडीची ५-६, मग बहुतेकांना एक-दोन पोस्टडॉक. म्हणजे कायमची नोकरी तिशीनंतर, आणि तीही नक्की मिळेलच असं नाही. पप्पांची काळजी खोटी नाहीये.

पण त्यांना दुसरी बाजूही सांग. नेट-जेआरएफ मिळाली तर पहिली २ वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं. म्हणजे पीएचडीत घरातून पैसे मागावे लागत नाहीत. सरकारने २०२३ मध्ये राष्ट्रीय क्वांटम मिशनसाठी ६,००३ कोटी मंजूर केलेत. त्यातलं सेन्सिंगचं केंद्र आपल्या पवईच्या आयआयटीत आहे. आणि मध्येच वाट बदलली तरी लिनिअर अल्जिब्रा आणि कोडिंग वाया जात नाही. डेटाच्या नोकऱ्यांत तेच चालतं.

म्हणून माझं म्हणणं, भांडू नकोस, मुदत माग. एक वर्ष. त्यात लिनिअर अल्जिब्रा पक्कं कर, एनपीटीईएलचा क्वांटमचा कोर्स पूर्ण कर, एमएस्सीसाठी जॅम दे. आयबीएमच्या खऱ्या क्वांटम संगणकावर फुकट थोडा वेळ मिळतो, तिथे हात चालव. वर्षभर रोज बसावंसं वाटलं, तर पप्पांना दाखवायला तुझ्याकडे शब्दांपेक्षा काहीतरी जास्त असेल. नाही वाटलं, तर तेही लवकर कळलेलं बरं.

तुमच्या घरी असा वाद झालाय का? व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!