दोघांचा खजिना
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



आनंदमेळाव्यात बालवाचनालयासाठी पैसे जमवावेत आणि त्याकरिता बक्षिसांची स्क्रॅच कार्डे विकावीत, अशी सूचना मागील सभेत आली. तिच्यामागील हेतू उत्तमच आहे. पण तिच्याऐवजी दुसरे काही सुचवावे म्हणून मी उभी आहे.

रुपेरी थर खरवडून जागच्या जागी निकाल पाहावयाचे तिकीट अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याच्या लॉटरीने १९७४ साली काढले. आपल्या महाराष्ट्र राज्याची लॉटरी १९६९ सालची. तीत निदान सोडतीची वाट तरी पाहावी लागे. खरवडण्याच्या तिकिटात वाट पाहणे नाही आणि विचार करणेही नाही. निकाल छापखान्यातच ठरलेला असतो. शिवाय १९९८ च्या केंद्रीय कायद्याने लॉटरी काढणे राज्य सरकारांकडे ठेवले आहे. मुलांच्या पुस्तकांसाठी आपण या फंदात का पडावे?

मात्र खरवडण्यातली गंमत आपण अवश्य घ्यावी. त्यासाठी दोघांनी एकदाच खेळावयाचा खजिनाशोध घरी करता येतो. जुन्या लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर पाच ओळींत पाच-पाच, अशी २५ घरे आखा. एका घरात खजिन्याची पेटी काढा. बाकीच्या प्रत्येक घरात, तेथून खजिना किती घरे दूर आहे तो आकडा लिहा. आडवे-उभे मोजावे, तिरपे नाही. वर पांढरी मेणबत्ती दाबून घासा. मग दोन भाग पोस्टरचा रंग आणि एक भाग भांड्यांचा पातळ साबण एकत्र करून दोन हात द्या. वाळले की पत्ता तयार!

दोघांनी आळीपाळीने नाण्याने एकेक घर खरवडावे. पेटी ज्याला सापडेल तो जिंकला. पण येथे एक मेख आहे. आपण उघडलेला आकडा समोरच्यालाही दिसतो. कोपऱ्यातल्या घरात २ निघाला असे समजा. मग खजिना तीनच घरांत असू शकतो: त्याच ओळीतले तिसरे घर, खाली उतरत गेल्यास तिसरे घर, नाहीतर कोपऱ्याला तिरपे लागून असलेले घर. उतावळा गडी टोकाचे घर खरवडील. ते चुकले, तर तेथला आकडाच समोरच्याला खजिना दाखवून देईल. विचारी गडी तिरपे घर खरवडील. ते चुकले तरी तेथे पुन्हा २ च निघतो आणि दोन टोकांपैकी खजिना कोठे, हे गुलदस्त्यातच राहते. एवढा विचार दहा वर्षांच्या मुलाला सहज करता येतो, आणि एकदा उघडलेले घर पुन्हा झाकता येत नाही, हेही तो शिकतो.

पत्ता एकदाच चालतो, म्हणून मेळाव्यात पुष्कळ खपतील. किंमत सर्वांना सारखी, बक्षीस कोणालाच नाही. त्यामुळे हरलेले मूल पैसे गेले म्हणून रडणार नाही, “आणखी एक डाव!” म्हणेल. प्रत्येकीने घरून दहा पत्ते करून आणावेत, एवढीच माझी सूचना आहे. तिचा सभेने विचार करावा, अशी विनंती करून मी आपली रजा घेते.