मुकी जनावरे आणि आपली वस्ती
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात स्वयंसेवक गटाच्या वतीने केलेले भाषण)



गेली दोन वर्षे आम्ही नऊ जण दर रविवारी सकाळी वस्तीपलीकडच्या प्राणी-निवाऱ्यात कामाला जातो. गाडीखाली सापडलेली कुत्री, कोणी पोत्यात घालून आणून टाकलेली मांजराची पिल्ले, पतंगाच्या मांजाने पंख कापलेल्या घारी, असे तेथले रहिवासी.

हे काम हाती घेतले तेव्हा पहिला विरोध घरातूनच झाला, हे मोकळेपणाने सांगतो. एका वडीलधाऱ्या काकांनी विचारले, "मेलेली ढोरे ओढण्यातून बाबासाहेबांनी आपल्याला बाहेर काढले. आणि तुम्ही शिकलेली पोरे पुन्हा जनावरांची घाण काढायला निघालात?"

प्रश्न जिव्हारी लागला, कारण तो खरा होता. गावकीचे ते काम आपल्या आज्या-पणज्यांवर जन्माने लादलेले होते. नाही म्हणण्याची सोय नव्हती. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मृत जनावरांचे मांस सोडण्यास बजावले, ते आपल्या माणूसपणासाठी. आम्ही काकांना म्हणालो, "ते काम जातीने दिले होते, हे आम्ही आमच्या मर्जीने घेतले आहे. तेथे सर्व जातींची मुले येतात. झाडू कोणाचा, औषध कोणाचे, हे पाळीने फळ्यावर लिहिलेले असते. ज्या दिवशी झाडू फक्त आमच्याच हाती येईल, त्या दिवशी आम्ही तेथून उठू." काकांचे पूर्ण समाधान झाले असे नाही, पण पावसाळ्यापूर्वी त्यांनी दोन जुन्या गोधड्या पाठवून दिल्या.

बंधु-भगिनींनो, सम्राट अशोकाने आपल्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा यांचा उल्लेख एकत्र केला आहे. आपल्या संविधानातही १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने कलम ५१ क आले आणि प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरले. माणूस आणि जनावर यांचे आरोग्य वेगळे नाही, हे आम्ही प्रत्यक्ष कामातून शिकलो.

निवाऱ्यात नुसती माया पुरत नाही, शिस्त लागते. कुत्र्याच्या पिल्लांना होणारा पार्व्हो हा रोग चपलेच्या तळव्यावरूनही पसरतो; म्हणून पिल्लांच्या खोलीत शिरताना पाय धुवावे लागतात. मांजरांच्या खोलीत फिनाईल चालत नाही, ते त्यांना विषारी असते. प्रेमापोटी पाजलेले गाईचे दूधही पिल्लांना बाधते, त्यांना जुलाब होतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, जो येतो म्हणाला त्याने आलेच पाहिजे. आपण एक रविवार चुकलो, तर त्या दिवशीचे पिंजरे तेथील दोन पगारी कामगारांना धुवावे लागतात. ते आपल्याच वस्तीतले आहेत. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्याकडे हातमोजे नव्हते आणि रेबीजची पूर्वप्रतिबंधक लसही त्यांना दिलेली नव्हती. आम्ही प्रथम त्यासाठी पाठपुरावा केला. जनावरांवर दया आणि कामगाराची हयगय, अशी सेवा आम्हाला नको होती.

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या सात वर्षांच्या एका मुलाला कुत्रा चावला. घरच्यांनी जखमेवर तिखट भरले होते. आमच्यातील एका ताईने ती जखम नळाखाली साबणाने पंधरा मिनिटे धुतली आणि मुलाला पालिकेच्या रुग्णालयात नेले. लशीचा प्रत्येक डोस ठरलेल्या तारखेला घ्यायला लावला. मूल आज शाळेत जाते. हे आम्ही निवाऱ्यातच शिकलो होतो. रेबीजची लक्षणे एकदा दिसली की रोगी वाचणे जवळजवळ अशक्य. पण चावल्याबरोबर उपचार सुरू केले तर तो टळतो. हळद, चुना, तिखट काही लावू नका. कुत्रे पाळीव असले तरी डॉक्टरांकडे जा.

त्यानंतर निवाऱ्याच्या मदतीने आम्ही वस्तीतील कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण सुरू केले. कानाला खाच असलेले कुत्रे म्हणजे नसबंदी झालेले, हे आता आपली मुलेही ओळखतात. दगड मारून कुत्री कमी होत नाहीत. एक मादी वर्षातून दोनदा विऊ शकते.

तेव्हा आमची विनंती छोटी आहे. पैसे नसतील तर जुनी चादर, गोणपाट, रद्दी द्या. महिन्यातून एक सकाळ द्या. मुलांना आणा, पण अगोदर जनावराजवळ कसे जावे ते शिकवून आणा. आणि ज्या काकांच्या मनात अजून तो प्रश्न आहे, त्यांनी एकदा येऊन आमचा फळा वाचावा. झाडूपुढे कोणाकोणाची नावे आहेत, ते डोळ्यांनी पाहावे.

एवढे बोलून आम्ही आपली रजा घेतो. जयभीम.