साय काढलेल्या दुधाचा फेस

मी मूळची कोल्हापूरची. लग्न होऊन पुण्यात आले त्याला आता ३८ वर्षं झाली, तरी दुधाच्या बाबतीत मी कोल्हापूरचीच राहिले आहे. लहानपणी वडिलांचं बोट धरून मी गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर जायची. म्हशी तिथंच उभ्या असायच्या. गवळी समोर धार काढायचा आणि पेला तसाच हातात द्यायचा. दूध कोमट आणि वर चार बोटं फेस. तो पेला तोंडाला लावला की वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटायची आणि वडील हसायचे. घरी आलेलं दूध चांगलं की वाईट, याचा निकाल मात्र आई लगेच देत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी पातेल्यावरचं झाकण काढून ती साय बघायची. साय भाकरीसारखी उचलून आली तर गवळी प्रामाणिक, नाहीतर त्याची काही धडगत नसे.

आज मी बोलणार आहे ते थंड कॉफीवरच्या फेसाबद्दल. विषय हलका आहे, पण आमच्या घरी तो जरा जड कारणानं आला.

दोन वर्षांपूर्वी यांची अँजिओप्लास्टी झाली. दवाखान्यातून घरी येताना औषधांच्या यादीबरोबर दुसरी एक यादी मिळाली. साय नको, लोणी नको, आइस्क्रीम नको. आता यांचा स्वभाव असा, की बँकेत इतकी वर्षं नोकरी केली, पण बाहेरच्या खाण्यापिण्याचा शौक कसला तो नाही. एकच चैन होती. उन्हाळ्यातल्या शनिवारी संध्याकाळी कोल्ड कॉफी, आणि तीही वर आइस्क्रीमचा गोळा घातलेली. ती बंद झाली. त्यांनी एका शब्दानं कुरकुर केली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

पुढच्या एप्रिलमध्ये मी एका शनिवारी घरीच कॉफी केली. फिल्टरचा दाट काढा, पातळ दूध, बर्फ, अगदी थोडी साखर. यांनी ती प्यायली, ग्लास विसळून पालथा घातला आणि म्हणाले, "छान होती." इतक्या वर्षांच्या संसारात 'छान' या शब्दाचे किती अर्थ होतात, ते मी तुम्हांला सांगायला नको. कॉफीत खोट नव्हती. पहिल्या घोटाला ओठांना जे मऊ, थंडगार लागायचं, ते त्यात नव्हतं. मी हे फोनवर लेकीला सांगितलं. ती बंगळूरला असते. ती म्हणाली, "आई, वर आइस्क्रीमऐवजी कोल्ड फोम घाल की. थंड दुधाचा नुसता फेस!"

नुसता फेस! मला वाटलं, गंगावेशीत वाढलेल्या बाईला हे काय अवघड? चांगला फेस हवा तर चांगलं दूध हवं. आमच्याकडे तेव्हा आई राहायला आली होती आणि तिच्यासाठी म्हशीचं दूध येत होतं. म्हटलं, दोन चमच्यांनी काही बिघडत नाही. फ्रिजमधलं थंड दूध मिक्सरमध्ये फिरवलं. साबणाच्या पाण्यावर येतात तसे मोठाले बुडबुडे आले आणि ग्लास टेबलापर्यंत नेईतो विरून गेले. मग माझी जुनी लाकडी रवी काढली. दहा मिनिटं घुसळलं. फेस तर आला नाहीच, वर बारीक पिवळसर कण तरंगायला लागले. आई शेजारी बसून बघत होती. म्हणाली, "अगं, लोणी यायला लागलं की!" मी कॉफीला निघाले होते आणि वाटेत ताक लागलं होतं.

मी शाळेत शास्त्र शिकवत असे. त्यामुळे हे काही माझ्या डोक्यातून जाईना. त्याच म्हशीच्या दुधाला कट्ट्यावर चार बोटं फेस येतो आणि माझ्या ओट्यावर का येत नाही? वाचल्यावर उलगडा झाला. फेस म्हणजे दुधात अडकलेली हवा. त्या हवेच्या बुडबुड्याभोवती दुधातली प्रथिनं पातळ पापुद्र्यासारखी बसतात आणि त्याला धरून ठेवतात. दुधातली स्निग्धता असते ती बारीक बारीक गोळ्यांच्या रूपात. कासेतून आलेलं दूध अंगाइतकं गरम असतं, तेव्हा ही स्निग्धता जवळजवळ सगळी वितळलेली असते. गोळ्या गुळगुळीत असतात आणि बुडबुड्यांना फारसा त्रास देत नाहीत. दूध फ्रिजमध्ये गेलं की त्या अर्धवट गोठतात. त्यांच्यात बारीक टोकदार स्फटिक होतात. मग घुसळताना ही टोकं बुडबुड्यांचा पापुद्रा फोडतात आणि गोळ्या एकमेकींना चिकटत जातात. चिकटत चिकटत मोठ्या झाल्या की त्यालाच आपण लोणी म्हणतो.

तुम्ही म्हणाल, मग केकवरचं क्रीम कसं फुगतं? त्याचंही उत्तर यातच आहे. त्या क्रीममध्ये शंभराला तीसपेक्षा जास्त स्निग्धता असते. इतक्या गोळ्या एकमेकींना चिकटल्या की हवेभोवती भिंतच उभी राहते. म्हशीच्या किंवा फुल क्रीम दुधात ती शंभराला सहाच्या आसपास असते. बुडबुडे फोडायला ती पुरेशी आणि भिंत बांधायला अपुरी. म्हणजे थंड फेसासाठी एक तर भरपूर साय हवी, नाहीतर ती जवळजवळ नकोच.

आणि 'नकोच' हे तर आमच्या घरी यादीत लिहूनच आलं होतं! यांच्यासाठी येणारं डबल टोन्ड दूध, ज्याला मी मनातल्या मनात पांढरं पाणी म्हणत होते, ते मी पहिल्यांदा नीट पाहिलं. पिशवीवर छापलेलं असतं: फॅट १.५ टक्के, एसएनएफ ९ टक्के. एसएनएफ म्हणजे स्निग्धता सोडून दुधात जे घन उरतं ते. त्यात प्रथिनंही आली. साध्या टोन्ड दुधात फॅट ३ आणि एसएनएफ ८.५. म्हणजे ज्याला मी पातळ म्हणून हिणवत होते, त्यात फेसाच्या कामाचा माल जास्तच होता. पूर्ण साय काढलेलं, स्किम्ड दूध मिळालं तर त्याहून चांगलं. घरी तापवलेल्या दुधाची साय एकदा काढली म्हणजे सगळी स्निग्धता जाते, असं मात्र नाही. ते दूध रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून सकाळी पुन्हा साय काढावी आणि गाळून घ्यावं. सायीचा एक तुकडाही राहता कामा नये.

आता कृती सांगते. लिहून घ्यायची गरज नाही, सोपी आहे. दोन ग्लासांसाठी १०० मिलिलिटर, म्हणजे साधारण पाऊण वाटी दूध घ्या. फ्रिजमधलं, अगदी थंड. त्यात एक लहान चमचा स्किम्ड दुधाची पावडर मिसळा, त्यानं प्रथिनं वाढतात. चालत असेल तर एक लहान चमचा पिठीसाखर घाला. साखरेनं दूध किंचित दाट होतं आणि फेसातलं पाणी सावकाश खाली उतरतं. घट्ट झाकणाची काचेची बरणी दहा मिनिटं आधी फ्रीझरमध्ये ठेवा. दूध मात्र फ्रीझरमध्ये नको, कडेला बर्फ धरतो. बरणी एक तृतीयांशच भरा, कारण हवेला जागा हवी. मग झाकण दाबून धरून जोरानं हलवा, मनात पन्नास आकडे म्हणेपर्यंत. थांबलात की बरणी ओट्यावर दुमडलेल्या फडक्यावर दोनचार वेळा हळू आपटा आणि अर्धा मिनिट तशीच ठेवा. मोठे बुडबुडे वर येऊन फुटतात आणि खाली बारीक, दाट फेस उरतो. तोच आपला.

दांड्याची गाळणी असलेला फ्रेंच प्रेस घरात असेल तर त्याचा दांडा वीस-तीस वेळा वरखाली केला की याहून बारीक फेस येतो. बॅटरीवर फिरणारी छोटी घुसळणी बाजारात मिळते, तीही चांगली. रवी वापरायची तर नवी वापरा. माझी जुनी रवी वर्षानुवर्षं लोण्यात मुरलेली आहे. तिनं साय काढलेल्या दुधालाही फेस येईना, हे मी करून पाहिलं आहे. भांड्याला तुपातेलाचा किंचित हात लागलेला असला तरी फेस बसतो.

कॉफी आधी करून पूर्ण थंड झालेली हवी. मी फिल्टरमध्ये तीन मोठे चमचे पूड घालून रात्रीच काढा उतरवून ठेवते. ग्लासात अर्ध्यापर्यंत बर्फ, त्यावर काढा, थोडं थंड पाणी किंवा तेच पातळ दूध, आणि वर दोन बोटं जागा. मग चमच्यानं फेस अलगद सोडायचा. ढवळायचं नाही आणि नळीही घालायची नाही. नळीनं प्यायलात तर फेसाचा उपयोग काय? कडू, गार कॉफी त्या मऊ फेसातून ओठांवर आली पाहिजे. पाच-सात मिनिटांत फेस विरायला लागतो, तेव्हा माणूस टेबलावर येऊन बसल्यावरच तो घालावा.

ही युक्ती माझी नाही. सिएटलच्या स्टारबक्स कंपनीनं २०१८ साली अमेरिकेतल्या आपल्या दुकानांत कोल्ड फोम सगळीकडे आणला, तोही साय काढलेल्या दुधाचाच. त्याच्याही कितीतरी आधी, १९५७ साली, ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या व्यापारी मेळ्यात नेस्ले कंपनीच्या दिमित्रिस वाकोंदिओस यांनी इन्स्टंट कॉफी आणि थंड पाणी एका बंद भांड्यात घालून हलवलं. त्यांना गरम पाणी मिळालं नाही म्हणून, असं सांगतात. त्यातून ग्रीक लोकांचा लाडका फ्रापे झाला. त्यात दूध नसलं तरी फेस टिकतो, कारण इन्स्टंट कॉफीत तेल जवळजवळ उरलेलंच नसतं. २०२०च्या टाळेबंदीत घरोघरी दालगोना कॉफी फेटली गेली, तेव्हा आमच्या शेजारच्या दिल्लीच्या बाई म्हणाल्या होत्या, "यात नवीन काय? आमच्याकडे कॉफी आणि साखर चमच्यानं फेटूनच पितात." आणि बनारसची मलइयो? थंडीच्या रात्री दूध उघड्यावर ठेवून पहाटे घुसळायचं आणि वर येणारा केशरी फेस कुल्हडात भरायचा. ऊन चढलं की तो बसतो, म्हणून ती सकाळीच खायची. तिथं दुधातुपाची चंगळ असते. ती यांना चालणार नाही, म्हणून तिचं नाव मी घरात काढत नाही.

एक सांगून ठेवते. हे काही औषध नव्हे. ज्यांना पथ्य आहे त्यांनी साखर, दूध, कॉफी, सगळंच आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. आम्हीही विचारलं, आणि आठवड्यातून एक ग्लास मंजूर झाला.

तो पहिला मंजूर ग्लास मी शनिवारी संध्याकाळी गॅलरीत नेऊन दिला. यांनी एक घोट घेतला. 'छान' म्हणाले नाहीत. ग्लास खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यात क्रीम घातलंस?" आवाजात चक्क भीती होती. मी रिकामी पिशवी आणून दाखवली. त्यांनी चष्मा वर करून त्यावरचे आकडे वाचले, बँकेत चेक तपासावा तसे, आणि मग उरलेली कॉफी सावकाश, पुरवून पुरवून प्यायली.

आईलाही थोडी दिली. तिनं आधी पातेल्यातल्या दुधात चमचा बुडवून पाहिला. "हे काय गं, पाणीच की नुसतं! जावईबापूंना असलं घालतेस होय?" मग ग्लास तोंडाला लावला. ८४ वर्षांच्या माझ्या आईच्या वरच्या ओठावर पांढरी मिशी उमटली. ती तिनं पदरानं पुसली नाही. जरा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "बरं लागतंय. पण साय कुठं गेली मग?"

यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. तुपाची बरणी मी डाळीच्या डब्यांच्या मागे ठेवते.