कला शाखा आणि व्यवस्थापनाची वाट

(पाचोरा येथे पदवीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



एमबीए हा शब्द उच्चारला की आपल्याकडचा कला शाखेचा विद्यार्थी दोन पावले मागे सरतो. 'ते गणितवाल्यांचे काम' असे परस्पर ठरवून टाकतो. मीही कला शाखेचाच पदवीधर. पत्रकारितेत आलो तेव्हा नगरपालिकेच्या अर्थसंकल्पावरील भाषणे तेवढी मी लिहीत असे. आकड्यांचे रकाने सहकाऱ्याकडे सरकवीत असे. ही पळवाट मला पुढे कित्येक वर्षे भोवली.

राज्याच्या एमबीए सीईटीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. त्यांत गणिताचे अवघे ५०. उरलेले १५० तर्क, आकृत्यांतील संगती आणि इंग्रजी आकलनाचे. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. गणितही बहुतांशी शाळेतलेच : शेकडेवारी, गुणोत्तर, सरासरी, नफा-तोटा.

आणि ते तुमच्या घरात आहे! क्विंटलभर कापसातून सुमारे ३४ किलो रुई निघते. बाकी बहुतेक सरकी. रुईची गाठ १७० किलोंची. म्हणजे एका गाठीला पाच क्विंटल कापूस. आता रुईचा उतारा ३४ वरून ३२ वर आला, तर त्याच गाठीला ३१ किलो कापूस अधिक लागतो. जिनिंगवाला भाव सांगतो तेव्हा हा हिशेब त्याच्या मनात झालेला असतो. शेतकऱ्याच्या मुलाने तो का करू नये?

इंग्रजीसाठी रोज एक अग्रलेख वाचा आणि त्यातील प्रत्येक परिच्छेदाचा आशय मराठीत एका वाक्यात लिहा. प्रवेशानंतर पहिल्याच सत्रात जमाखर्चाशी गाठ पडते. त्यासाठी अकरावी-बारावीची पुस्तपालनाची पुस्तके आधीच चाळून ठेवावीत. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. आणि पदवीकडे दुर्लक्ष नको. तिथे खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के गुण नसतील, तर सीईटीतले यश व्यर्थ.

पालकांना एकच विनंती. पुण्याच्या शिकवणीसाठी कर्ज काढण्यापूर्वी मुलाला, आणि मुलीलाही, वर्षभर रोज दीड तास निवांत मिळू द्या. कापूस वेचणीच्या दिवसांत ते किती कठीण आहे, हे मी जाणतो.