घरांतील प्रवाळ

मंगळाच्या आंगठींतलें पोंवळें सोलापुरांतील पुष्कळ घरांना ठाऊक असतें. त्याचा जिवंत भाऊबंद बैठकीच्या खोलींत कांचेच्या हौदांत वाढविण्याचा छंद मात्र नवा आहे, आणि उजनीच्या पाण्यावर राहणाऱ्या या शहरांत तो सोपाही नाहीं. समुद्र येथून दूर. तेव्हां समुद्राचें पाणी घरींच तयार करावें लागतें. एका लिटरास सुमारें ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे २०० लिटरांच्या हौदाला ७ किलो! शिवाय पाण्याची उष्णता २५ अंशांच्या आसपास राखावयाची. वैशाखांत बाहेर पारा ४२ अंशांवर चढला आणि दुपारीं वीज गेली, म्हणजे यजमानापेक्षां प्रवाळाचेच हाल अधिक.

प्रवाळ दिसावयास झुडुपासारखें, पण आहे प्राण्यांची वसाहत. त्यांतील प्रत्येक इवलासा जीव आपल्या अंगांत एका जातीचें शैवाल बाळगतो. तें उजेडांत अन्न तयार करतें आणि त्याचा मोठा वाटा घरधन्यास देतें. पाणी फार तापलें कीं हें बिऱ्हाड मोडतें व प्रवाळ पांढरें पडतें. १९९८ सालीं लक्षद्वीपाच्या समुद्रांत असें फार मोठ्या प्रमाणावर घडलें. वाढीची गति जातीगणिक निराळी. गोळ्यासारखें भरीव प्रवाळ वर्षाकाठीं जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतें, तर फांद्यांचें १० सेंटिमीटरही वाढूं शकतें. अशी फांदी कापून दगडावर चिकटविली तर तिची स्वतंत्र वसाहत होते. गुलाबाची फांदी लावावी तसेंच हें.

या गुणामुळें परदेशांतील शौकिनांत एक चांगला रिवाज पडला. वाढलेल्या वसाहतीचे तुकडे ओळखीच्यांना द्यावयाचे. पुढें आपला हौद बिघडला तर तोच वंश मित्राकडून परत मिळतो. शेजारणीला विरजण द्यावें, त्यांतलाच हा प्रकार.

आपल्याकडे मात्र हा रिवाज जसाच्या तसा उचलतां येत नाहीं. २००१ सालापासून प्रवाळबेटें रचणारीं सर्व अश्मप्रवाळें, तसेंच काळें प्रवाळ, अग्निप्रवाळ व समुद्रपंखा हीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला, बसलीं आहेत. त्यांच्या व्यापारास ३ ते ७ वर्षांच्या कैदेची तरतूद आहे. २०२० सालीं मुंबईच्या किनारी रस्त्यासाठीं वरळी व हाजीअली येथील खडकांवरचीं लहान लहान प्रवाळें हलवावयाचीं होतीं, तर महापालिकेलाही आधीं वन खात्याची परवानगी काढावी लागली.

दुकानदार सांगतो, हा तुकडा समुद्रांतला नव्हे, हौदांतच वाढलेला. कदाचित् खरें असेल! पण हौदांतला तुकडा आणि ओहोटीच्या वेळीं खडकावरून फोडलेला तुकडा कांहीं महिने शेजारीं ठेवले, तर जाणत्यालाही भेद सांगणें कठीण. कायद्यानें दोहोंत भेद केला नाहीं, त्यांतलें शहाणपण येथें कळतें.

मऊ अंगाच्या कांहीं जातींचीं नांवें त्या यादींत नाहींत. पण त्यांचाही मूळ खडक कोठें तरी असतोच. अशी जात घेण्यापूर्वीं शौकिनानें तिची वंशावळ विचारावी: कोणाच्या हौदांत, किती वर्षें, कोणत्या वसाहतीपासून. उत्तर देतांना विक्रेता अडखळला, तर त्या दिवशीं पिशवी रिकामीच घरीं न्यावी.