गोळी मोफत आहे, पण वाट?



मी सॉफ्टवेअरवाला. लोक एचआयव्हीचे औषध मध्येच का सोडतात, असे विचारले की आमच्या डोक्यात पहिले उत्तर येते : विसरत असतील, मोबाइलवर गजर लावून द्या. पण एका खोलीत सहा माणसे राहत असतील, तर तोच गजर रोज रात्री ‘ही कसली गोळी?’ हा प्रश्न उभा करतो.

सरकारने १ एप्रिल २००४ पासून एआरटी औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. सातारा-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत ती मिळतात. आता बहुतेकांना दिवसाला एकच गोळी पुरते. ती नियमित घेतली तर विषाणू दबलेला राहतो. तपासणीत तो सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागत नाही. वारंवार खंड पडला, तर मात्र तो औषधाला दाद देईनासा होतो.

मग खंड का पडतो? जत, आटपाडी किंवा माणमधून केंद्रावर यायचे म्हणजे एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी. मराठवाड्यातून ऊसतोडीला आलेल्या माणसाची नोंद गावाकडच्या केंद्रावर असते. ती इकडे बदलून घेता येते, पण मुकादमाला सुट्टीचे कारण काय सांगणार? कुणी ओळखीचे दिसेल म्हणून जवळचे केंद्र टाळून लांब जाणारेही असतात. त्यांना भीतीचेही भाडे भरावे लागते.

सांगलीत १९९२ साली ‘संग्राम’ संस्थेने देहविक्रय करणाऱ्या बायकांमध्ये काम सुरू केले. माहिती देणे, कंडोम वाटणे ही कामे त्या बायकांनीच अंगावर घेतली. पुढे १९९६ मध्ये ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. समाज ज्यांना रोगाचे मूळ म्हणत होता, त्याच एकमेकींचा आधार झाल्या.

आपल्या मोहल्ल्यात काय करता येईल? रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून गोळीची वेळ सहेरी किंवा इफ्तारनंतर ठेवता येते. लाजेपोटी विचारलेच नाही, तर महिनाभर गोळी सुटू शकते. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीमुळे भेदभाव करायला मनाई केली आहे. न्यायालयाचा आदेश असल्याशिवाय कुणाला स्वतःची स्थिती उघड करायला भागही पाडता येत नाही.

तेव्हा कुणी विश्वासाने सांगितले, तर ते आपल्यापाशीच ठेवा. १०९७ हा मोफत हेल्पलाइन नंबर द्या. आणि जमले तर पुढच्या तारखेला त्याच्याबरोबर एसटीत बसा.